पाण्याखालच्या यानाला अजून दोरी का लागते?

वाटसरू
नमस्कार मंडळी. मुलगी अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या गटाने प्रकल्पासाठी आरओव्ही घेतलाय, म्हणजे पाण्यात सोडून वरून चालवायचं कॅमेऱ्याचं यान. गेला आठवडाभर घरात पीव्हीसी पाइप, छोट्या मोटारी आणि गोंदाच्या नळ्या पसरल्या आहेत. आराखड्यात यानाच्या पाठीतून एक लांबलचक केबल निघालेली दिसली. मी म्हटलं, "अगं, ड्रोन बिनतारी उडतात, मंगळावरच्या गाडीला पृथ्वीवरून आज्ञा देतात, आणि तुम्ही पाच मीटर पाण्यासाठी दोरी बांधताय?" ती म्हणाली, "बाबा, मंगळाशी बोलणं सोपंय. टाकीच्या तळाशी बोलणं अवघड."

उत्तर ऐकायला छान वाटलं, पण पुरतं पटलं नाही. खऱ्या समुद्रातल्या मोठ्या यंत्रांनाही दोरी असते का? असेल तर ती अडकत नाही का? या कामातलं कोणी इथे असेल तर जरा सविस्तर सांगा. लेकीलाही वाचून दाखवणार आहे.

कडीकोयंडा
मुलीचं बरोबर आहे. धागा संपला. :)

वर्तुळ
कडीकोयंडा, इतक्यात नका संपवू. :)

वाटसरू, खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे रेडिओ लहरी त्यात शिरल्या शिरल्या विरतात. वारंवारता जितकी जास्त, तितक्या लवकर. आपल्या घरातलं वायफाय समुद्राच्या पाण्यात काही सेंटिमीटरांत गारद होतं. पाणबुड्यांशी संपर्क ठेवायला अतिशय कमी वारंवारतेच्या लहरी वापरतात. त्याही वरच्या थरापुरत्याच पोचतात, आणि माहिती इतक्या संथपणे नेतात की चित्र पाठवण्याचा विचारच नको.

मग उरतो आवाज. तो पाण्यात झकास जातो, सेकंदाला साधारण १५०० मीटर. पण हिशोब करा. यान ३००० मीटर खोल आहे. "थांब" म्हटलेलं त्याच्यापर्यंत पोचायला २ सेकंद आणि "थांबलो" परत यायला आणखी २. तेवढ्यात ते खांबावर आदळलेलं असेल. शिवाय आवाजातून जाणारी माहिती इतकी थोडी असते की हलतं, स्वच्छ चित्र वर येतच नाही. मंगळाच्या बाबतीत मध्ये सगळी पोकळी आहे, लहरींना अडवायला काही नाही. उशीर होतो, पण निरोप पोचतो.

आणि निरोपाचा प्रश्न सुटला तरी ताकदीचा राहतोच. मोठ्या यानाला शंभर-दोनशे अश्वशक्ती लागते, तीही तासन् तास. तेवढी बॅटरी लादली तर यान स्वतःच बुडेल.

सुकाणू
या धाग्याची कधीपासून वाट पाहत होतो! मी १४ वर्षं हेच काम करतोय. आमच्यात चालवणाऱ्याला पायलटच म्हणतात. जहाजाच्या डेकवर एक कंटेनर असतो, आत पडदे, दोन जॉयस्टिक आणि अंधार. १२ तासांची पाळी. शेजारी को-पायलट, मागे सुपरवायझर.

वाटसरू, मोठ्या यंत्रांनाही दोरी असते, आणि एक नाही, दोन असतात. जहाजापासून खाली जाते ती जाड, पोलादी तारांचं चिलखत घातलेली अंबिलिकल. तिच्या पोटात वीज नेणाऱ्या तारा आणि ऑप्टिकल फायबर. हजारो व्होल्टवर वीज पाठवतो, म्हणजे तार बारीक राहते. या अंबिलिकलच्या टोकाला एक पिंजरा लटकतो, यान त्यात बसून खाली उतरतं. कामाच्या खोलीवर पोचलं की पिंजऱ्यातून बाहेर पडतं, आणि तिथून पुढे दुसरी, हलकी, पाण्यात ना बुडणारी ना तरंगणारी केबल. ती टेदर. पिंजऱ्यातलं चक्र ती लागेल तशी सोडतं आणि गोळा करतं.

हे दोन टप्प्यांत का? वर लाटेवर जहाज नाचत असतं. थेट जोडलं असतं तर प्रत्येक लाटेला यानाला हिसका बसला असता. आता ते हिसके पिंजरा खातो, आणि यान शांतपणे बोल्टवर पाना लावतं.

तेलक्षेत्रावर काम करणारं यान हवेत तीन टनांच्या आसपास भरतं. वरचा रंगीत ठोकळा म्हणजे फोम. साधा नव्हे, साधा फोम खाली चिरडून जाईल. राळेत काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे कालवून तो करतात. ३००० मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ३०० किलोच्या आसपास दाब असतो. अंगठ्याच्या नखावर तीन क्विंटल! म्हणून जिथे जमेल तिथे आपण दाबाशी भांडतच नाही. मोटारींत, जोडपेट्यांत तेल भरायचं आणि स्प्रिंगच्या जोरावर आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवायचा. सील गळलं तर तेल बाहेर येतं, पाणी आत जात नाही. फक्त कॅमेरे आणि इलेक्ट्रॉनिक्स जाड धातूच्या नळकांड्यांत.

एक गंमत लेकीला जरूर सांगा. यान आम्ही मुद्दाम किंचित तरंगतं ठेवतो. कारण तळाजवळ काम करताना ते खाली दाबून धरावं लागतं, म्हणजे पंख्यांचा झोत वरच्या दिशेने जातो. उलट यान जड असतं तर उचलून धरायला झोत खाली मारावा लागला असता, आणि गाळ असा उसळतो की पुढची पंधरा-वीस मिनिटं पडद्यावर नुसतं दूध.

शिंपला
सुकाणू, जबरदस्त. माझं आपलं भाषेचं वेड. अंबिलिकल म्हणजे सरळ "नाळ" झाली की! आईच्या पोटातल्या बाळासारखं अन्न, श्वास, सगळं तिच्यातूनच. आणि टेदरला "दावं". गाय दाव्याच्या लांबीइतकंच चरते. पण मग आरओव्हीला काय म्हणायचं? दूरचालित जलयान?

कडीकोयंडा
दावणीचं यान.

मधलीसुट्टी
नाळ आणि दावं मी आजपासून वापरणार. आरओव्हीला आरओव्हीच राहू द्या, दूरचालित जलयान म्हणेपर्यंत ते तळाला पोचलेलं असेल. :)

सुकाणू
शिंपला, दावं! चौदा वर्षांत हा शब्द सुचला नाही याची हळहळ वाटतेय. आमच्या कंटेनरमध्ये आम्ही दोघे मराठी आहोत, उद्यापासून पाळीत हाच शब्द.

अडकण्याबद्दल विचारलं होतं. अडकतं. फार अडकतं. पायलटचं निम्मं लक्ष पुढच्या कामावर आणि निम्मं मागच्या दाव्यावर असतं. पहिला नियम: ज्या वाटेने आत गेलात, त्याच वाटेने बाहेर. मी नवखा असताना एका तेलफलाटाच्या जॅकेटमध्ये, म्हणजे पाण्यातल्या पोलादी सांगाड्यात, तपासणी करत होतो. एका पायाच्या डावीकडून आत गेलो, काम संपलं, आणि घाईत जवळची वाट म्हणून उजवीकडून बाहेर आलो. दाव्याचा विळखा पायाभोवती पडला. त्यात प्रवाह फिरला आणि दावं शिंपल्यांच्या थरात रुतलं. त्या थराच्या कडा ब्लेडसारख्या असतात. सुपरवायझरने मला खुर्चीवरून उठवलं नाही. म्हणाला, "तू बांधलंस, तूच सोडव." पाच तास लागले. एकेक फूट मागे, कॅमेरा मागे वळवून. दाव्याचं वरचं आवरण दोन ठिकाणी फाटलं होतं, पण यान वर आलं. तो विळखा मला अजून स्वप्नात दिसतो.

जुना_पाणबुड्या
वाचतोय. छान लिहिताय सगळे, पण यंत्राचं कौतुक करताना माणूस विसरू नका. मी २२ वर्षं पाण्याखाली वेल्डिंग, कटिंग, फ्लँज जोडणी केली. नदीच्या तोंडाशी, बंदरात, जिथे हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही, तिथे कॅमेऱ्याचा उपयोग शून्य. आम्ही बोटांनी बघतो. बोल्टचा आटा गेलाय की शेवाळ अडकलंय, हे ग्लोव्हमधून कळतं. यंत्राच्या पंजाला ते कळत नाही. साधी गाठ सोडवायची तर मी अर्ध्या मिनिटात सोडवीन, यंत्राला दुसरं अवजार आणायला वर पाठवाल.

सुकाणू
पाणबुड्याकाका, गाठीच्या बाबतीत शंभर टक्के मान्य. पंज्याच्या सात हालचाली असतात, तुमच्या एका मनगटाची सर नाही. गढूळ पाण्यासाठी आता सोनारचं, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून काढलेलं, चित्र मिळतं, खांब-भिंती दिसतात, पण आटा नाहीच दिसत. म्हणूनच यंत्रासाठी बनवलेल्या व्हॉल्व्हना ठरावीक मापाची खाच आणि यानाला पकडायला मूठ आधीच ठेवतात. यंत्राला हुशार करण्यापेक्षा कामच यंत्राजोगं करून घेतात.

पण ३०० मीटरच्या पुढे? तिथे सॅच्युरेशनवालेही, म्हणजे दिवसचे दिवस दाबाखालीच राहून काम करणारे डायव्हरही, क्वचितच जातात. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटाच्या विहिरीतून तेल उसळत होतं, खोली जवळपास १५०० मीटर. २० एप्रिलला स्फोट झाला आणि १५ जुलैला तोंड बंद झालं. तेवढ्या दिवसांत तिथे जे जे कापलं, जोडलं, झाकलं, ते सगळं आरओव्हींनी. एकाच वेळी अनेक यानं, प्रत्येकाचं दावं वेगळं, वर जहाजांची दाटी. २३ जूनला एक यान झाकणाच्या व्यवस्थेला धडकलं आणि झाकण काही तासांसाठी काढावं लागलं. ती बातमी वाचताना माझे तळहात घामेजले होते. तिथल्या पायलटच्या जागी मी स्वतःला पाहत होतो.

जुना_पाणबुड्या
खोल पाण्याबद्दल वाद नाहीच. आणि न्यायाने बोलायचं तर एक गोष्ट मीच सांगतो. २०१२ साली उत्तर समुद्रात ख्रिस लेमन्स नावाचा डायव्हर ९० मीटरच्या आसपास काम करत होता. जहाजाला जागेवर धरून ठेवणारी संगणक यंत्रणा बंद पडली, जहाज वाहवत गेलं आणि त्याची नाळ तुटली. हो शिंपलाताई, आमचीही नाळच असते. श्वास, गरम पाणी, उजेड, बोलणं, सगळं गेलं. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये पाच-सहा मिनिटांची हवा. त्याच्यापर्यंत आधी पोचलं ते जहाजाचं आरओव्ही. वरच्या लोकांना पडद्यावर तो दिसत होता, हात किंचित हलताना दिसत होता, आणि यानाला त्याला उचलता येत नव्हतं. पुढे जहाज पुन्हा ताब्यात आलं, सोबत्याने जाऊन त्याला घंटेत, म्हणजे डायव्हरांना खाली-वर नेणाऱ्या बंद पेटीत, ओढून आणलं. अर्ध्या तासाहून जास्त वेळ त्याला श्वासाचा वायू नव्हता, तरी तो जगला.

यंत्राने तो कुठे आहे ते सांगितलं, हात माणसाने दिला. दोघंही लागतात, एवढंच माझं म्हणणं.

निळाई
काका, अंगावर काटा आला.

मधलीसुट्टी
थोडं विषयांतर. ही यानं आली कुठून? तेल कंपन्यांनीच बनवली का?

जुनंपानं
माझ्या आवडीचा प्रश्न! सुरुवात अमेरिकी नौदलाकडे जाते. चाचणीत सोडलेले टॉर्पेडो तळावरून उचलून आणायला त्यांनी कर्व्ह नावाचं केबलवरचं यान केलं होतं. जानेवारी १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेस गावावर बी-५२ विमानाची इंधन भरताना टक्कर झाली. चार हायड्रोजन बाँब पडले, त्यातला एक समुद्रात. अॅल्व्हिन या माणसं बसणाऱ्या छोट्या पाणबुडीने तो शोधला, पण उचलायला कर्व्हला पाठवलं. बाँबच्या पॅराशूटच्या दोऱ्यांत ते स्वतःच गुरफटलं! शेवटी ७ एप्रिलला यान, पॅराशूट आणि बाँब असं सगळं गाठोडं एकत्रच वर ओढलं. सुकाणूंचा विळखा वाचून मला तेच आठवलं.

पुढे १९७३ मध्ये आयर्लंडजवळ पायसिस-३ ही दोन माणसांची पाणबुडी ४८० मीटरवर अडकली, तेव्हा दोर लावायच्या कामात कर्व्ह-३ होतं. दोघे वर आले तेव्हा १२ मिनिटांचा प्राणवायू उरला होता.

आणि आपल्या मनाच्या जवळची, दुखरी नोंद. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क आयर्लंडच्या किनाऱ्यापलीकडे पडलं, ३२९ जीव गेले. विमानाच्या दोन्ही नोंदपेट्या जुलैमध्ये वर आणल्या, जवळपास २००० मीटर खोलीवरून. ते काम केलं स्कॅरॅब नावाच्या आरओव्हीने. ते मुळात समुद्राखालच्या दूरध्वनी केबल दुरुस्त करून पुरण्यासाठी बनवलेलं यान होतं. विमानाचे अवशेष शोधणं त्याच्या कामात बसत नव्हतं, पण तेवढ्या खोलीवर हात पोचणारं तेच होतं.

निळाई
कनिष्कचं माहीत नव्हतं. वाचून थोडा वेळ तशीच बसून राहिले.

मी समुद्री जीवशास्त्राची. आमच्याकडे हे यान पाना-पक्कड नाही, डोळा आहे. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे खोऱ्यात एमबारी या संस्थेच्या शास्त्रज्ञांना २००७ मध्ये १४०० मीटरवर एका कड्यावर ऑक्टोपसची मादी अंड्यांवर बसलेली दिसली. अंगावरच्या व्रणांमुळे तिला ओळखता आलं. पुढे ते १८ वेळा तिथे यान घेऊन गेले. प्रत्येक वेळी तीच, तिथेच. पाणी ३ अंश. खेकड्याचे तुकडे यानाच्या हाताने पुढे केले, तिने खाल्ले नाहीत. कातडी पांढुरकी पडत गेली, डोळे धूसर झाले. सप्टेंबर २०११ नंतर गेले तेव्हा ती नव्हती, फक्त रिकामी अंडी. ५३ महिने! इतका काळ अंडी राखणारा दुसरा कुठलाही प्राणी आपल्याला ठाऊक नाही. जाळ्यात पकडून आणली असती तर एक मेलेली ऑक्टोपस मिळाली असती, गोष्ट मिळाली नसती.

अजून एक: यानावरून ठरावीक अंतरावर दोन समांतर लेझर सोडतात, म्हणजे चित्रात दोन ठिपके दिसतात आणि प्राण्याचं माप न शिवता काढता येतं. आणि दिवे स्वतःचे न्यावे लागतात, कारण पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं.

पाइपलाइनवाला
आमचं काम मासिकात छापण्याजोगं नाही, पण तेच रोजचं आहे. मैलोगणती पाइपवरून यान चालवायचं, अॅनोड, म्हणजे पोलादाऐवजी स्वतः गंजणारा धातूचा ठोकळा, किती झिजलाय पाहायचं, टोकदार प्रोब टेकवून व्होल्टेज मोजायचं. उणे ०.८ व्होल्ट किंवा त्याहून खाली असेल तर पोलाद सुरक्षित. वर गेलं की गंज चढणार. मग पाइपखालची वाळू वाहून गेलीय का, कुणाचं जाळं अडकलंय का. धरणांच्या भिंती, बोगदे, मत्स्यपालनाची जाळी, जहाजांचे तळ, सगळीकडे हेच. फुकुशिमाच्या ३ नंबर अणुभट्टीत २०१७ च्या जुलैमध्ये जेमतेम ३० सेंटिमीटरचं यान सोडलं होतं, वितळलेलं इंधन बघायला. त्यालाही केबल होतीच.

वाटसरू, मुलीला माझ्याकडून एक धोक्याची सूचना. पाणी फक्त पेटीच्या झाकणातून शिरत नाही. केबलच्या आवरणाला टाचणीएवढं भोक पडलं तरी आतल्या तारांच्या फटींतून पाणी चढत चढत थेट सर्किटपर्यंत जातं. मी एक अख्खा बोर्ड असा घालवलाय आणि दोन दिवस झाकणाच्या ओ-रिंगला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला, दोष देत बसलो होतो. केबल पेटीत शिरते तिथे इपॉक्सी भरताना आवरण सोलून तारांच्या आतही ते जाऊ द्या. आणि पाण्यात टाकण्याआधी हातपंपाने पेटीतली हवा ओढून दहा मिनिटं काटा बघा. काटा हलला तर गळती कोरड्यातच सापडली.

मधलीसुट्टी
पण वर्तुळ, आता स्वतःच्या बुद्धीने फिरणारी बिनदोरीची यानंही आहेत ना? मग दाव्याचे दिवस भरलेच म्हणायचे.

वर्तुळ
आहेत, एयूव्ही. टॉर्पेडोसारखी दिसतात, ठरवून दिलेल्या रेघांवर पोहून तळाचा नकाशा करून आणतात. एअर फ्रान्सचं ४४७ विमान २०११ मध्ये अशाच यानांनी शोधलं. पण ३९०० मीटरवरून नोंदपेट्या उचलायला दाव्यावरचं आरओव्हीच लागलं. शोधणं आणि हात लावणं ही दोन वेगळी कामं. हात लावताना माणसाला क्षणाक्षणाला बघावं, ठरवावं लागतं.

मधला प्रयोगही झालाय. नेरियस नावाचं यान बॅटऱ्या सोबत नेत असे आणि बोलण्यापुरता केसाएवढा बारीक फायबर सोडत जाई. तुटला तर स्वतः वर यायची सोय. २००९ मध्ये मारियाना गर्तेत १०,९०२ मीटरवर गेलं. २०१४ मध्ये कर्माडेक गर्तेत ९९०० मीटरवर ते फुटलं, दाबाने. त्याआधी जपानचं काइको १९९५ मध्ये त्याच मारियाना गर्तेतल्या सगळ्यात खोल जागी, चॅलेंजर डीपच्या तळाला टेकलं होतं, तेही २००३ मध्ये गेलं. दावं तुटून.

सुकाणू
काइकोची बातमी आली तेव्हा मी या धंद्यात नव्हतो, पण जुने पायलट अजून हळू आवाजात सांगतात.

दाव्याबद्दल माझं प्रामाणिक मत: ते अडचण आहे आणि तेच आमचं कामही आहे. एकदा दुसऱ्या जहाजावर यानाची वीज गेली. दिवे, पंखे, सगळं बंद. किंचित तरंगतं असल्याने ते सावकाश वर यायला लागलं, आणि लोकांनी दावं गोळा करून त्याला पिंजऱ्यापर्यंत ओढलं. बिनदोरीचं असतं तर रात्रभर समुद्रात दिवा शोधत फिरले असते.

वाटसरू
सगळ्यांचे मनापासून आभार. कालची संध्याकाळ आम्ही तिघांनी हा धागा मोठ्याने वाचण्यात घालवली. ऑक्टोपसपाशी बायकोचे डोळे भरून आले. माझा आक्षेप मी मागे घेतलाय, घरात केबलचं नाव आता अधिकृतपणे "दावं" आहे.

आज टाकीत पहिली चाचणी झाली. पंपाची युक्ती केली, काटा हलला, एका कोपऱ्यात गळती सापडली, ती बुजवली. मग पाण्यात. पण यान सारखं पाठीवर बसायला लागलं, नाक वर. अर्धा तास सगळे मोटारी तपासत होते. शेवटी तिच्या लक्षात आलं की दाव्याचंच वजन मागचं टोक खाली ओढतंय. दर मीटरला फोमचा तुकडा बांधला, आणि यान सरळ झालं. तिने टाकीच्या तळाशी ठेवलेलं नाणं कॅमेऱ्यात आणलं तेव्हा मीच जास्त ओरडलो.

तिचा एक प्रश्न आहे, सुकाणूदादांसाठी. यान गोल फिरलं की दाव्याला पीळ पडतो. किती पडलाय हे वरून कसं कळतं?

सुकाणू
शाब्बास! फोमचं स्वतः शोधून काढलं म्हणजे निम्मा पायलट तयार.

पीळ मोठ्या यानावर होकायंत्रावरून संगणक मोजतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसतो. तुमच्याकडे कागद-पेन्सिल पुरे. उजवीकडे पूर्ण फेरी झाली की एक रेघ, डावीकडे झाली की एक रेघ खोडायची. वर काढण्याआधी जितक्या रेघा उरल्या तितक्या डाव्या फेऱ्या घालायच्या. रेघ ओढायचं काम चालवणाऱ्याने करायचं नाही, शेजारी बसलेल्याने करायचं.

वाटसरू
ते काम मला मिळालंय.